तयार भागांचे घर पावसाळ्यात कोरडे कसे राखावे?

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी घर शाकारून घेण्याची चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. नळीची कौले चाळावयाची, फुटकी बदलावयाची, वासे व रिपा पाहावयाच्या, पन्हळ साफ करावयाची आणि कोकणात पडवीच्या पश्चिम बाजूस नारळीच्या झावळ्यांची झापे बांधावयाची, ही कामे प्रत्येक शेतकरी कुटुंबास ठाऊक आहेत. अलीकडे मात्र शेतावर आणि गावठाणात निराळ्या जातीची घरे दिसू लागली आहेत. त्यांच्या भिंती व छपरे कारखान्यात तयार होतात, मालमोटारीतून शेतावर येतात आणि थोड्या दिवसांत जोडून उभी राहतात. उन्हाळ्यात ती थंड राहतात व पंख्यास किंवा वातानुकूलन यंत्रास लागणारी वीज वाचते, म्हणून त्यांस मागणी येते. कारखान्यात तयार झालेल्या घरास शाकारणीची गरज नाही, असा समज या घरांबरोबरच पसरला आहे. हा समज चुकीचा आहे. या घरांचे पॅनेल क्वचितच गळते; गळतो तो सांधा, आणि सांधा हा कारखान्यात तयार होत नसून आपल्या शेतावर, आपल्या डोळ्यांदेखत तयार होतो. त्यामुळे त्याकडे लक्ष देणे घरमालकाच्या हाती असते.

ही घरे नवी नाहीत

तयार भागांची घरे बांधण्याचा प्रयत्न आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाला. दिल्ली येथे त्यासाठी सरकारी कारखाना उभारण्यात आला व १९५३ साली त्याचे हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी या कंपनीत रूपांतर झाले. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खेड्यापाड्यांत हातांनी उचलून बसविता येतील अशा तयार फळ्या, तुळया व विटांच्या पॅनेलांच्या छपरांच्या पद्धती विकसित केल्या. पुढे १ जानेवारी २०२१ रोजी केंद्र शासनाच्या योजनेखाली सहा शहरांत निरनिराळ्या नव्या पद्धतींनी घरे बांधण्यास आरंभ झाला. त्यांपैकी इंदूर येथील १,०२४ घरांसाठी दोन पत्र्यांच्या किंवा तक्त्यांच्या मध्ये हलका भराव असलेली पॅनेले निवडण्यात आली होती. आपत्तीच्या प्रसंगीही अशी घरे उपयोगी पडतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्या कुटुंबांची तात्पुरती सोय चौक येथे कंटेनरच्या घरांत करण्यात आली. कोकणच्या ऐन पावसात उभ्या करावयाच्या घरास कोरडेपणाची किती गरज असते, हे अशा वेळी विशेष कळून येते.

ओल शिरली की थंडावा गेला

या घरांचा थंडावा त्यांच्या पॅनेलांमधील भरावावर अवलंबून असतो. थर्माकोल, पॉलियुरेथेनचा फेस, खनिज लोकर किंवा हवेच्या बुडबुड्यांनी हलके केलेले काँक्रीट यांपैकी कोणताही भराव घेतला, तरी उष्णता अडविण्याचे काम त्यात अडकून स्थिर राहिलेली हवा किंवा वायू करीत असतो. हवेची जागा पाण्याने घेतली म्हणजे हा गुण नाहीसा होतो, कारण पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा सुमारे चोवीसपट सहजतेने जाते. पॉलियुरेथेनचा फेस बंद पेशींचा असल्याने पाणी कमी शोषतो, थर्माकोल त्याहून अधिक, आणि खनिज लोकर तर भिजलेल्या गोधडीसारखी पाणी धरून बसते.

याचा ढोबळ हिशेब असा. उघड्या १० सें. मी. जाडीच्या काँक्रीट छतातून, आत व बाहेर एक अंशाचा फरक असता, दर चौरस मीटरमागे सुमारे ४ वॅट उष्णता आत येते. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या २०१८ सालच्या इको निवास संहितेने छपरासाठी ही मर्यादा १.२ वॅट ठरविली. पॉलियुरेथेनचे ५ सें. मी. जाडीचे पॅनेल ती सुमारे अर्ध्या वॅटवर आणते. मे महिन्याच्या दुपारी हा फरक २५ अंशांचा धरला, तर ४० चौरस मीटर छपरातून काँक्रीटच्या घरात ४,००० वॅट, तर पॅनेलच्या घरात ५०० वॅट उष्णता येईल. शेतकऱ्याने जादा पैसे मोजलेले असतात ते याच फरकासाठी. पण भराव भिजला की हा फायदा हळूहळू नष्ट होतो. शिवाय आतल्या बाजूने पत्रा गंजतो, तक्ते फुगतात, भिंतीवर बुरशी धरते आणि भिंतीलगत ठेवलेल्या धान्यास व बियाण्यास ओल लागते. विटांची भिंत भिजली तर उन्हाळ्यात वाळते. दोन पत्र्यांमध्ये कोंडलेल्या पाण्यास मात्र बाहेर पडावयास वाट नसते. म्हणून या घरात गळतीची दुरुस्ती करण्यापेक्षा ती होऊ न देणे हेच शहाणपणाचे आहे.

पाणी, वाट आणि जोर

भिंतीतून पाणी आत येण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: भिंतीवर पाणी, आत जाण्यास वाट आणि त्या वाटेने पाणी ढकलणारा जोर. कॅनडातील इमारत संशोधक गार्डन यांनी १९६३ साली हे तत्त्व सुबोधपणे मांडले. वाट राहूच नये असा प्रयत्न करून भागत नाही, कारण सूक्ष्म फट कोठे ना कोठे राहतेच. यास्तव तिन्ही गोष्टींवर उपाय करावा लागतो.

आपल्या जुन्या घरांत हे तत्त्व नकळत पाळलेले दिसते. लांब वळचणीमुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. पडवी व झापे यांमुळे वाऱ्याचा जोर मुख्य भिंतीपर्यंत पोचत नसे. नव्या घरांत जागा व खर्च वाचविण्यासाठी वळचण आखूड केली जाते आणि सगळा भार एका सांध्यावर येतो. म्हणून तयार घर घेतानाही छप्पर भिंतीच्या बाहेर निदान ६० सें. मी. येईल असे पाहावे, आणि पश्चिमेकडे शक्य तर पडवी काढावी. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याची झड पश्चिम व नैर्ऋत्य बाजूच्या भिंतींवर बसते. परतीच्या, विशेषतः हस्ताच्या, वादळी पावसात वारा पूर्वेकडूनही येतो, हे विसरू नये.

पाया आणि जोते

काळ्या जमिनीत या घरांना एक वेगळा धोका असतो. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया वरखाली होऊ लागला की पॅनेले शाबूत राहतात, परंतु सांधे उघडतात. अशा जमिनीसाठी केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीट खांबांच्या पायाचा प्रसार केला. खोल काळ्या जमिनीत हे खांब सुमारे साडेतीन मीटर खाली, म्हणजे ओलीचा चढउतार पोचत नाही अशा थरापर्यंत, नेतात. काळ्या मातीचा थर उथळ असल्यास तो काढून मुरूम धुमस करून भरता येतो. घर हलके आहे म्हणून पाया कसाही चालेल, असे म्हणणाऱ्या कंत्राटदाराचे ऐकू नये.

जोते सभोवतालच्या जमिनीहून निदान ४५ सें. मी. उंच असावे. जोत्याच्या माथ्यावर काँक्रीटचा ओलरोधक थर द्यावा. त्यात मिसळावयाचे जलरोधक द्रव्य भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. २६४५ या मानकाचे असावे व डब्यावर दिलेल्या प्रमाणाबाहेर ते घालू नये. पॅनेलाची खालची पन्हळी थेट काँक्रीटवर न बसविता मध्ये डांबरी नमद्याची पट्टी अंथरावी. पॅनेलाच्या तळाशी पत्र्याची झालर अशी बसवावी की भिंतीवरून उतरलेले पाणी जोत्याच्या बाहेर ठिबकेल. अनेक ठिकाणी जोत्याची कड पॅनेलाच्या बाहेर येते व तिच्यावर पाणी साचून भिंतीखाली शिरते. म्हणून पॅनेलाची बाहेरची बाजू जोत्याच्या कडेच्या किंचित पुढेच असावी. जोत्याभोवती ७५ सें. मी. रुंदीची, बाहेर उतरती फरसबंदी व तिच्या पलीकडे चर काढावा.

भिंतीचे सांधे

ऊन-सावलीने पॅनेले सतत लांबतात व आखडतात. सहा मीटर लांबीच्या लोखंडी पत्र्याचे उष्णतामान रात्रीपासून दुपारपर्यंत ४० अंशांनी वाढले, तर तो सुमारे ३ मि. मी. लांबतो. अशा हालत्या सांध्यात सिमेंटचा गिलावा भरला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो आणि ती तड केसाएवढी असली, तरी झडीचे पाणी तीतून आत जाते. म्हणून येथे रबरासारखा ताणला जाणारा लेप वापरावा. बाजारात त्यास सीलंट म्हणतात. पॉलियुरेथेन, पॉलिसल्फाईड व सिलिकोन या त्याच्या मुख्य जाती होत. सिरक्यासारखा आंबूस वास येणारे सिलिकोन काँक्रीटवर व जस्ताच्या मुलाम्यावर वापरू नये. त्यासाठी वेगळ्या प्रकारचे सिलिकोन मिळते.

लेपाचा डबा चांगला असून भागत नाही. भरण्याची रीत बरोबर असावी लागते. फट १२ मि. मी. रुंद असेल आणि लेप पाव हिश्श्याने ताणला जाणारा असेल, तर तो ३ मि. मी. हालचाल सोसू शकतो. फट ४ मि. मी. ठेवली तर तोच लेप १ मि. मी. हालचालीतच ताणाची मर्यादा गाठतो. म्हणजे सांधा घट्ट दिसावा म्हणून फट बारीक ठेवणे हेच गळतीचे कारण ठरते. भरताना पुढील क्रम पाळावा.

१. फटीच्या दोन्ही कडा धूळ, तेल व गंज यांपासून स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या कराव्यात. ओल्या कडेवर बहुतेक लेप धरत नाहीत.

२. फटीत फेसाची गोल दोरी दाबून बसवावी. तिच्यामुळे लेप फक्त दोन्ही कडांना चिकटतो, तळाशी चिकटत नाही व मोकळेपणाने ताणला जातो.

३. लेपाची खोली रुंदीच्या सुमारे निम्मी ठेवावी. जास्त जाड लेप जास्त टिकतो हा भ्रम होय.

४. काम सकाळी करावे. भर दुपारी पॅनेले लांबलेली व फट अरुंद झालेली असते. तेव्हा भरलेला लेप रात्री अधिक ताणला जातो.

याहूनही भरवशाची रचना दुहेरी सांध्याची. तीत बाहेरची पट्टी पाऊस अडविते, आतला लेप वारा अडवितो आणि दोहोंमधील पोकळीत चुकून आलेले पाणी खाली उतरून तळाच्या भोकातून बाहेर पडते. आतल्या लेपावर पाणी येत नाही, बाहेरच्या पट्टीवर वाऱ्याचा दाब राहत नाही. त्यामुळे पाणी, वाट व जोर यांची गाठ पडत नाही. तळाची ही भोके गवंडी कित्येकदा फट समजून बुजवून टाकतात. ती उघडी राहिली पाहिजेत.

खिडकीचा उंबरठा बाहेर उतरता असावा, भिंतीपुढे आलेला असावा व त्याच्या खालच्या बाजूस पाणी तोडणारी खाच असावी. छपराचा, खिडकीचा व भिंतीचा प्रत्येक पत्रा वरचा खालच्यावर असा, कौलांच्या रीतीनेच, बसला पाहिजे. उलट बसलेल्या पत्र्यास कोणताही लेप फार दिवस तारू शकत नाही.

छप्पर

पन्नास चौरस मीटर छपरावर १०० मि. मी. पाऊस पडला म्हणजे ५,००० लिटर पाणी उतरते. कोकणात ३,००० मि. मी. पाऊस धरल्यास एका पावसाळ्यात त्याच छपरावरून दीड लाख लिटर पाणी वाहते. एवढे पाणी अडविण्याऐवजी ते लवकर वाहून जाऊ देणे हाच खरा उपाय. पत्र्याच्या पॅनेलाच्या छपरास दर १० मीटरला निदान १ मीटर उतार असावा व कोकण-घाटमाथ्यावर तो त्याहून अधिक द्यावा. पत्रे शेवटास एकमेकांवर १५ ते २० सें. मी. चढवून मध्ये ब्यूटिल रबराची चिकटपट्टी घालावी. बाजूच्या जोडाचे तोंड पावसाळी वाऱ्याकडे येऊ नये, म्हणून पत्रे बसविण्यास वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून आरंभ करावा. उघडे स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर बसवावेत व रबरी वॉशर बाहेर फुगेल इतके आवळू नयेत. फाटलेला वॉशर हीच पुढे गळतीची जागा होते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत कापलेल्या पत्र्याच्या कडांना व स्क्रूंना लवकर गंज चढतो, म्हणून कापलेली कड लगेच रंगवावी.

तयार काँक्रीट फळ्यांच्या सपाट छपरावर पाण्यास उतार द्यावा, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाकार वाटा ओढावा आणि फळ्यांच्या प्रत्येक सांध्यावर जाळी किंवा कापड घालून लवचीक जलरोधक पडदा द्यावा. त्यावर पांढरा लेप दिल्यास पडद्याचे आयुष्य वाढते व घरही थंड राहते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. गळती दिसली की विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याचा सल्ला गवंडी देतात. भरभक्कम काँक्रीट छतावर तो उपाय चालत आला आहे. हलक्या तयार छपरावर तो धोक्याचा आहे. दहा सें. मी. जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते. म्हणजे ४० चौरस मीटरच्या घरावर ८ टनांचा बोजा येईल. तो पेलण्यासाठी हे छप्पर बांधलेले नसते. इमारत अभियंत्याच्या लेखी सल्ल्यावाचून अशा छपरावर कोबा, माती किंवा पाण्याची मोठी टाकी कदापि चढवू नये.

गळती की घाम?

भिंत ओली दिसली म्हणजे पाणी बाहेरूनच आले, असे नव्हे. ही घरे हवाबंद असल्यामुळे स्वयंपाकाची वाफ, ओले कपडे व आत पसरलेले ओलसर धान्य यांची दमट हवा आत कोंडते आणि थंड पत्र्यावर घामासारखी जमते. कारण ओळखण्याची सोपी परीक्षा अशी: पॉलिथिनचा हातभर चौकोनी तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. पाणी त्याच्या खोलीकडील बाजूवर जमले तर तो हवेतील घाम. मागील बाजूस जमले तर ओल भिंतीतून येत आहे असे समजावे. घामासाठी लेप विकत घेऊ नये. स्वयंपाकघरात वाफ बाहेर टाकणारा पंखा व समोरासमोर खिडक्या यांनी काम भागते. धान्याची पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत.

पैसे देण्यापूर्वी पाण्याची परीक्षा

घर ताब्यात घेण्यापूर्वी पाण्याची परीक्षा घेण्याची अट करारात लिहून घ्यावी. नळीने पाण्याची फवार भिंतीवर तळापासून सुरू करून वर न्यावी व प्रत्येक सांध्यावर काही मिनिटे ठेवावी. वरून आरंभ केल्यास पाणी सर्व सांध्यांवरून वाहते आणि दोष कोणत्या सांध्याचा हे कळत नाही. सपाट छपरावर अभियंत्यास विचारून थोडे पाणी दोन दिवस साठवून पाहावे. काँक्रीटचे भाग असल्यास ते आय. एस. १५९१६ या मानकास धरून आहेत काय, याची विचारणा करावी. सांध्यांचा नकाशा, वापरलेल्या लेपाचे नाव व हमीची मुदत लेखी घ्यावी आणि रकमेचा काही भाग पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा. बँकेचे कर्ज काढून बांधलेल्या घरास हा नियम विशेष लागू आहे, कारण घर गळले तरी हप्ते थांबत नाहीत.

दरवर्षीची शाकारणी

रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे सुमारे २५ मेच्या आत, पुढील तपासणी पूर्ण करावी. सांध्यांचा लेप कडेपासून सुटला आहे काय हे बोटाने दाबून पाहावे. सुटलेला भाग कापून काढून नव्याने भरावा, जुन्यावर नवा थर चोपडू नये. स्क्रूंचे वॉशर, पन्हळ, पाणी उतरण्याचे नळ व सांध्यांची तळाची भोके पाहावीत. वर्षभरात विजेच्या तारेसाठी, सौर पट्टीसाठी किंवा दूरदर्शनच्या तबकडीसाठी कोणी पॅनेलास भोक पाडले असेल तर ते रबरी चकती व लेप लावून बंद करावे. अशी भोके भिंतीत व बाहेर उतरत्या दिशेने पाडावीत, छपरात पाडूच नयेत. छपरावर चढताना फळी टाकून चालावे. दिवाळीनंतर पुन्हा एकदा पाहणी केल्यास पावसाळ्यात झालेली हानी ध्यानात येते व दुरुस्तीस कोरडे दिवस मिळतात.

एका जोडप्याचे या तपासणीस एक दिवसाहून अधिक काम नाही. कौले चाळण्यास याहून जास्त दिवस लागत. घराचे साहित्य बदलले, पाऊस बदललेला नाही. त्याने आपल्या पूर्वजांकडून जी दक्षता करवून घेतली, ती तो आपल्याकडूनही अपेक्षितो. सांधा कोरडा तर भराव कोरडा, आणि भराव कोरडा तर घर थंड, धान्य सुरक्षित व विजेचे देयक आटोक्यात, एवढे ध्यानात ठेवून शेतकरी बंधुभगिनींनी या नव्या घरांची जुनी शाकारणी चालू ठेवावी.